शकुंतलेची ओस स्टेशनं: रूळ रुंद व्हावेत, पण इमारती का पाडायच्या?

बनोशाचा भाचा

अंजनगावला लग्न होतं. परतताना एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून शकुंतलेच्या रुळांच्या कडेकडेने मुर्तिजापूरपर्यंत आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली नॅरोगेज रेल्वे. मुर्तिजापूर जंक्शनहून तिचा एक फाटा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, साधारण ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली.

माझं आजोळ दर्यापूर. तिथल्या स्टेशनाचं नाव बनोसा. लहानपणी मुर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचं, सामान डोक्यावर घेऊन छोट्या गाडीकडे पळायचं, आणि मग सगळी घाई संपायची. गाडी इतकी सावकाश जायची की रुळाकाठच्या शेतात कोण निंदतंय ते ओळखू यायचं. फाटक आलं की गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावे, गाडी पुढे गेली की पुन्हा उघडे आणि पळत येऊन चढे.

परवा मधल्या एका स्टेशनावर थांबलो. प्लॅटफॉर्म असा नाहीच, जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीचा ओटा. कौलं निम्मी गेलेली, वासे उघडे. दाराची चौकट कोणी उपसून नेली आहे. आत बाभूळ उगवली आहे, माणसापेक्षा उंच. पण तिकीट खिडकी शाबूत होती. खिडकीखालच्या लाकडी फळीला मधोमध एक खळगा पडलाय, उथळ, गुळगुळीत. मी बोट फिरवून पाहिलं. शंभर वर्षं लोकांनी तिथे नाणी सरकवली आणि पुठ्ठ्याची तिकिटं उचलली, त्याची ती झीज. मला तिथून हलवेना.

ही रेल्वे कापसासाठी बांधली. मुंबई-नागपूर मोठी लाइन १८६७ मध्ये पुरी झाली, तरी आतल्या तालुक्यांचा कापूस बैलगाड्यांनीच स्टेशनापर्यंत यायचा आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची. १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली, मुंबईची किलिक निक्सन ही पेढी तिचा कारभार पाहणारी, आणि त्या दशकात हे फाटे उभे राहिले. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच कंपनीचा, आर्वीकरही त्याला शकुंतलाच म्हणतात. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढत होतं ते थेट एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं.

ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीचे रुंद रूळ, करायचं की छोटी गाडीच वारसा म्हणून ठेवायची, हा वाद जुना आहे. त्यात मी पडत नाही. माझी मागणी लहान आहे: रुळांचं काय व्हायचं ते होवो, स्टेशनांच्या इमारतींचा निर्णय त्यापासून वेगळा काढा आणि कामाची निविदा निघण्याआधी घ्या. एकदा ठेकेदार कामाला लागला की पहिला दिवस जेसीबीचा असतो. त्या दिवशी मग कुणी काही वाचवू शकत नाही.

यवतमाळी

भावना समजल्या, पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

यवतमाळ हे जिल्ह्याचं ठिकाण. कापसाचा जिल्हा म्हणून देशाला माहीत. पण इथल्या मुलाला पुण्याला शिकायला जायचं तर आधी धामणगाव किंवा बडनेऱ्याला बसने जाऊन गाडी पकडायची. आजारी माणसाला नागपूरला न्यायचं तर रस्त्यानेच. शकुंतला होती तेव्हाही यात फरक नव्हता, कारण तिच्याने वेळेवर कुठे पोचणं होतच नव्हतं. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली, तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. त्यानंतर काय झालं ते आपण बघतोच आहोत.

अशा कामात आणखी एक अट घातली की ते आणखी मागे पडतं. आज इमारत वाचवा, उद्या वळण वाचवा, परवा पूल वाचवा. प्रत्येक अटीला एक समिती, प्रत्येक समितीला दोन वर्षं.

लातूरचं उदाहरण देतो. बार्शी लाइट रेल्वे पण अडीच फुटीच होती. मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरपर्यंत. तिच्यावरही लोकांचा जीव होता, पंढरीच्या वारीला माणसं तिच्या टपावर बसून जात. तुकड्या तुकड्याने ती ब्रॉडगेज झाली, मिरज-पंढरपूर २०११ च्या सुमारास शेवटी. आणि पाचच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर कोरडं पडलं तेव्हा त्याच मार्गाने मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी यायला लागली. त्या मार्गावर अजून छोटे रूळ असते तर मुख्य लाइनच्या वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढे एक इंच सरकल्या नसत्या. माझ्या बहिणीचं सासर लातूरला आहे. टाकीसमोर रात्रभर घागरींच्या रांगेत ती उभी राहिली आहे. खिडकीच्या फळीतला खळगा मला तिच्यापुढे ठेवता येत नाही.

बनोशाचा भाचा

यवतमाळी, तुमच्या बहिणीचं वाचून थांबलो. तुमच्याशी वाद घालावा असं त्यात काही नाही.

पण एक बघा. मी ब्रॉडगेजला अट घालत नाहीये. तसं वाचलं गेलं असेल तर माझ्या लिहिण्याचा दोष. मी म्हणतो ते काम आत्ता, गाडीही नाही आणि ठेकेदारही नाही अशा रिकाम्या वेळात होण्यासारखं आहे. प्रत्येक स्टेशनाची मोजणी, फोटो, आराखडा. कोणती इमारत नव्या मार्गाच्या आड येते आणि कोणती येत नाही याची यादी. जी आड येते ती पाडा. जी येत नाही ती विनाकारण पाडू नका. याला समिती कशाला लागते?

आणि बाभूळ थांबत नाही. अजून पाच पावसाळे गेले की पाडायलाही काही उरणार नाही.

पऱ्हाटी

भौ, तुमी फिरून रायले, फोटो काढून रायले, चांगलंच हाय. पन मले एक सांगा, थे टेशन कोनाचं होतं?

माहा आजा कारंजाले हमाल होता. प्रेसमधून कापसाच्या गाठी याच्या, पावनेदोनशे किलोची एक गाठ. चार जनं मिळून डब्यात लोटत. हंगामात रात्ररात्र काम चाले. त्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता, मी लहान असताना हात लावून पाहो. लाकडावानी लागे. गाठ बोटावर पडून त्याचं एक बोट गेलं, तरी दुसऱ्या हंगामात तो तथीसाच उभा.

आता तुमी टेशन वाचवसान. भिंतीले रंग देसान. अन दारावर पाटी लावसान का किलिक निक्सन कंपनी, मँचेस्टरचं इंजिन. ज्याईनं रूळ टाकले, गिट्टी फोडली, गाठी उचलल्या त्याईचं नाव कोठी? इंग्रजाचा कापूस गेला, इंग्रजाची गिरनी चालली, अन पाटीही त्याचीच. तसं होत असन तर मले थे टेशन पडलेलंच बरं.

यवतमाळी भाऊचं बरोबर हाय. पोट्ट्याईले नोकरीवर जाले गाडी पायजे. रडाले टेशन नोको.

जुने कागद

या धाग्यावर अजून आलं नाही पण येईलच म्हणून आधीच लिहितो. दर १५ ऑगस्टला एक निरोप फिरतो: "भारतातली ही रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची, सरकार दरवर्षी ब्रिटनला कोट्यवधी रुपये भाडं भरतं." वाचणाऱ्याचं रक्त उसळतं आणि तो पुढे पाठवतो. चित्र त्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

किलिक निक्सन ही १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली पेढी. मालक इंग्रज होते, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती आली. रेल्वेची व्यवस्था अशी होती की मार्ग कंपनीचा, गाडी चालवणार जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि चालवण्याचं काम तिच्याकडे आलं. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली, हा मार्ग मात्र कराराखाली तसाच राहिला. मालक एक, चालवणारा दुसरा. भाड्याच्या घराचं जे होतं तेच इथे झालं. छप्पर गळलं तर भाडेकरू म्हणतो मालकाने बघावं, मालक म्हणतो राहतोय कोण.

मूळ प्रश्नावर माझं मत धागाकर्त्यांच्या उलट आहे, पण यवतमाळींच्या कारणाने नाही. इमारतीच्या आधी कागद वाचवा. स्टेशन डायरी, मालाच्या पावत्या, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या हजेरीची पुस्तकं, जुने नकाशे. कोणत्या हंगामात कुठून किती गाठी गेल्या हे त्यातूनच कळेल. पऱ्हाटी यांच्या आजोबांसारख्यांचा माग लागला तर हजेरीच्या आणि मजुरीच्या नोंदींतच लागेल, दगडी भिंतीत नाही. आपल्याकडे इमारतीला हार घालायला गर्दी होते आणि त्याच इमारतीतली दप्तरं रद्दीत जातात. एका बंद स्टेशनाच्या खोलीत वह्यांचा गठ्ठा वाळवीने एकजीव झालेला मी स्वतः पाहिला आहे. उचलायला गेलो तर हातात माती आली.

डोंगरवाट

मी दोन्ही बाजूंहून वेगळं मांडते. इमारत नुसती ठेवून काय करणार? गाडीशिवाय स्टेशन म्हणजे मूर्तीविना देऊळ. एखादा छोटा तुकडा नॅरोगेजच ठेवा आणि त्यावर वारसा गाडी चालवा.

हे अशक्य नाही. गुजरातमध्ये बिलिमोरा-वघई ही गायकवाडांच्या काळातली ६३ किलोमीटरची छोटी लाइन. टाळेबंदीत बंद पडली, कायमची मोडीत काढायचं ठरलं, लोकांनी आरडाओरड केली आणि २०२१ च्या सप्टेंबरात ती पुन्हा सुरू झाली. मध्य प्रदेशात महू-खंडवा मार्ग रुंद करताना पातालपाणी ते कालाकुंड हा घाटाचा तुकडा मीटरगेजच ठेवला आणि २०१८ च्या अखेरीस तिथे वारसा गाडी सुरू केली. आपलं माथेरान तर १९०७ पासून आहेच.

अचलपूर ते अंजनगाव हा तुकडा असा ठेवता येईल. अचलपूरला हौज कटोरा आहे, वऱ्हाडच्या इमादशाही सुलतानांचा इतिहास आहे, वर चिखलदरा आहे. चिखलदऱ्याला जाणारा माणूस अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यावरूनच जातो.

यवतमाळी

डोंगरवाट ताई, तुम्ही दिलेली उदाहरणं नीट पाहिली तर माझंच म्हणणं सिद्ध होतं. पातालपाणीला धबधबा आणि घाट आहे. वघईला डांगचं जंगल आहे. माथेरानला मोटारी जात नाहीत म्हणून गाडीला किंमत आहे. दार्जिलिंग, निलगिरी, शिमला, युनेस्कोच्या यादीत गेलेल्या तिन्ही डोंगरी गाड्या आहेत. शकुंतला सपाट कपाशीतून जाते. मे महिन्यात तिथे ४५ अंश तापतं. पर्यटक चिखलदऱ्याला थंडाव्यासाठी येतो, तो अंजनगावच्या उन्हात टिनाच्या डब्यात दोन तास का बसेल?

आणि वारसा गाडी तोट्यात गेली की दोन वर्षांत बंद पडणार. मग तो तुकडा ब्रॉडगेजही नाही आणि नॅरोगेजही नाही. अचलपूरच्या माणसाचं त्यात दोन्हीकडून गेलं.

डोंगरवाट

उन्हाचं मान्य. पण कपाशी बघायला कुणी येणार नाही हे मला मान्य नाही. ऑक्टोबर ते जानेवारी, वेचणी चालू असताना तो सगळा पट्टा पांढरा असतो. सुंदर म्हणजे डोंगरच, ही आपल्याला लागलेली सवय आहे. आपल्याच शेताकडे आपण कधी पाहुण्यासारखं बघत नाही.

साधा ओव्हरसियर

बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, रेल्वेत नव्हे, पण रेल्वेच्या कामांशेजारी बरीच कामं केली. एक तांत्रिक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

अडीच फुटी रूळ काढून तिथेच साडेपाच फुटी टाकले असं गेज रूपांतर होत नसतं. छोटी गाडी तीव्र वळण घेते, गाव टाळत, नाल्याकाठाने, चढ चुकवत जाते. तिचा भरावही अरुंद आणि पूलही हलके. बार्शी लाइटचे मूळ रूळ एका यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचे होते आणि एका आसावर ५ टनांचा भार धरून सगळी आखणी केलेली. आजच्या मालगाडीच्या एका आसावर त्याच्या चौपटीहून जास्त भार येतो. त्यामुळे वळणं सरळ करावी लागतात, भराव नवा घालावा लागतो आणि मार्ग बऱ्याच ठिकाणी बाजूला सरकतो. लातूरला हेच झालं, जुनं स्टेशन शहराच्या मध्यात होतं, नवं बाहेर गेलं.

याचा अर्थ दोन्ही बाजूंना सांगतो. बनोशाचा भाचा, तुमच्या बऱ्याच इमारती नव्या रुळांच्या आड येणारच नाहीत. त्या एका बाजूला पडतील आणि पाडण्याचा खर्चही कुणी करणार नाही. तुमची भीती जेसीबीची आहे, मला भीती वाटते ती चोरीची. चौकट गेली, उद्या वासे जातील, परवा दगड जातील, कुणाच्या तरी गोठ्याला लागतील. कुलूप आणि राखणदार ही पहिली गरज.

यवतमाळी, तुमच्यासाठीही एक आहे. ब्रॉडगेज झाल्यावर सगळी स्टेशनं राहत नाहीत. अंतरं वाढतात, लहान थांबे गळतात. जिथे शकुंतला रोज थांबायची त्यातल्या काही गावांच्या शेजारून नवी गाडी शिटी वाजवत निघून जाईल. त्या गावांना रुंद रुळांचा उपयोग फाटक ओलांडण्यापुरता. हे आधी त्यांना कुणी सांगितलंय का?

यवतमाळी

नाही सांगितलं. हे खरं आहे आणि याचा मी विचार केला नव्हता.

तरी माझा कल बदलत नाही. दहा गावांचा थांबा जातो म्हणून दोन जिल्ह्यांनी बसून राहायचं का? त्या गावांना जवळच्या स्टेशनापर्यंत एसटी द्या, ती सुटायची वेळ गाडीला जुळवा. आमच्याकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज मार्ग बांधला जातोय. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब तुकडा सुरू झाला. कळंबला गाडी आली तेव्हा लोक कुटुंबासकट बघायला गेले होते. एका म्हाताऱ्या बाईने इंजिनाला कुंकू लावलं. मी तिथे होतो. त्या बाईला वारसा वगैरे शब्द माहीत नसतील, पण गाडी येणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं.

मात्र त्या गावांतली जुनी स्टेशनं थांबा गेल्यावर ग्रामपंचायतीला वापरायला मिळावीत, याला माझी हरकत नाही. वाचनालय करा, कापूस खरेदीच्या दिवसांत शेतकऱ्याला टेकायला जागा करा. नुसती काचेत ठेवायला मात्र नको.

बनोशाचा भाचा

ओव्हरसियर साहेब, कुलपाचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात बसलं. मी जेसीबीकडेच बघत राहिलो. ती चौकट गेली तेव्हा तिथे जेसीबी नव्हताच.

यवतमाळी, काचेत ठेवायची माझीही इच्छा नाही. शेतकऱ्याला टेकायला जागा हे मला माझ्या कल्पनेपेक्षा जास्त आवडलं. स्टेशन तसंही तेच होतं. गाडी दोन तास उशिरा असली की अर्धं गाव तिथल्या लिंबाखाली आडवं व्हायचं.

जुने कागद, वह्यांचं वाचून वाईट वाटलं. मला मात्र कागद आणि भिंत अशी निवड करावीशी वाटत नाही. त्या फळीतला खळगा हीसुद्धा नोंदच आहे, आणि तिच्यात तिकीट घेणारा प्रत्येक माणूस आहे, नाव असलेला आणि नसलेला.

आणि पऱ्हाटी भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस तेच मनात आहे. पाटी लागायची असेल तर तुमच्या आजोबांचं नाव पहिलं लागावं. पण ती नावं माझ्याकडे नाहीत. तुमच्यासारख्यांकडेच आहेत. मी दिवाळीत पुन्हा येतोय, या खेपेला यवतमाळच्या फाट्यावर, कारंज्यापासून सुरुवात. हमाल, गँगमन, सांधे बदलणारे पॉइंट्समन, जे कुणी सांगणारे असतील त्यांचं बोलणं टिपून घ्यायचंय. भेटाल का?

पऱ्हाटी

आजा तर गेला. पन माहे मोठे काका हायेत, थे पॉइंट्समन होते. ऐंशीच्या वर वय झालं, कानानं कमी ऐकू येते, जरा मोठ्यानं बोला लागते. कोन्या टेशनावर कोन होतं, कोनाच्या हाताखाली किती मानसं होते, सारं सांगतात. आजाच्या संगतीच्या हमालाईचे नावंही त्याईले पाठ हाय. मीच आजवर लिहून घेतले नाही.

दिवाळीची वाट नोका पाहू. थंडी पडली का त्याईचा दमा वाढते, बोलनं होत नाही. दसऱ्याच्या आंधी या. दुपारी थे झोपतात, सकाळी आठच्या आत या.

अन त्या चौकटीचं मी इचारतो गावात.